तिकिटाचा स्क्रीनशॉट : कुठे चालतो, कुठे अडतो

होस्टेलवरच्या कोणाचाही मोबाईल घ्या आणि गॅलरी उघडा. काय सापडेल? फळ्यावरच्या डेरिव्हेशनचे तिरके फोटो, दुसऱ्याच्या जर्नलची पाने, डिफॉल्टर लिस्ट, मेसचे पैसे भरल्याची पावती आणि या सगळ्या गर्दीत कुठेतरी परवाच्या गाडीच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट. दोन बटने एकदम दाबली, खट् असा आवाज आला, की आपण निर्धास्त. पूर्वीची माणसे तिकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून दर दहा मिनिटांनी वरून चाचपून बघत. आपण गॅलरी चाचपतो, एवढाच काय तो फरक!

आता, स्क्रीनशॉट काढूच नका असा उपदेश मी करणार नाही. मीही काढतो. पण दर सुट्टीच्या आधी आमच्या विंगमध्ये एक वाद ठरलेला. एक जण म्हणतो, "स्क्रीनशॉट चालतो रे, मी मागच्या वेळी तोच दाखवला होता." दुसरा म्हणतो, "अजिबात चालत नाही, माझ्या भावाला दंड बसला." मग रात्री एक वाजेपर्यंत चर्चा, आणि निष्कर्ष शून्य. गंमत अशी की दोघेही खरे बोलत असतात. पहिल्याचे तिकीट रिझर्वेशनचे असते आणि दुसऱ्याच्या भावाचे लोकलचे. नाव दोन्हीला तिकीटच, पण आतून या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत, आणि हा फरक आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत असतो.

तिकीट नेमके असते कुठे?

पुठ्ठ्याच्या तिकिटाच्या काळात उत्तर सोपे होते. पुठ्ठा हेच तिकीट. तो हरवला की तिकीट हरवले, कारण कोणत्या पुठ्ठ्यावर कोण बसले आहे याची नोंद कुठेच नव्हती. रिझर्वेशन कॉम्प्युटरवर आले तेव्हा नोंद मशीनमध्ये गेली, तरी कागदाचे महत्त्व कायम राहिले. आपल्या स्टाफपैकी अनेकांना आठवत असेल, ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकीटविक्री सुरू केली तेव्हा बुकिंग नेटवर व्हायचे आणि तिकीट मात्र कुरिअरने घरी यायचे! २००५ मध्ये ई-तिकीट आले व प्रिंट आपली आपण काढायची सोय झाली. पुढे मोबाईलच्या किंवा लॅपटॉपच्या पडद्यावर दाखवलेले तिकीट मान्य झाले, आणि २०१२ पासून आयआरसीटीसीचा साधा एसएमएससुद्धा.

एसएमएससुद्धा! त्यात ना शिक्का, ना सही, ना बारकोड. असला मजकूर तर कोणीही टाईप करील. तरी रेल्वेने तो का मान्य केला? कारण तुमचे नाव, वय, डबा आणि बर्थ टीसीच्या चार्टमध्ये आधीच आहे. तुम्ही दाखवता ते फक्त त्याला तुमची ओळ चटकन सापडावी म्हणून. दहा आकडी पीएनआर सापडला, ओळखपत्रावरचे नाव जुळले, काम झाले. त्यामुळे आरक्षित ई-तिकिटाच्या बाबतीत स्क्रीनशॉट, पीडीएफ, एसएमएस यांत भांडण्यासारखे काही नाही.

उलट इथे खरे वजन आहे ते ओळखपत्राला. मोबाईल बंद पडला, पण नाव चार्टमध्ये आहे आणि ओळखपत्र जवळ आहे, तर नियमाने थोडासा दंड भरून सुटका होते. तिकिटाचे दहा स्क्रीनशॉट आहेत आणि ओळखपत्र नाही, तर मात्र तुम्ही विनातिकीट! मान्यताप्राप्त कॉलेजचे फोटो असलेले ओळखपत्र या यादीत बसते. म्हणजे लॅबमध्ये जाताना ज्याच्यावरून आपली अडवणूक होते आणि एरवी जे कपाटात चार्जरच्या खाली पडलेले असते, ते कार्ड घरी जाताना पाकिटात हवे.

डिजीलॉकरच्या बाबतीत तर रेल्वेने हा मुद्दा आणखी स्पष्ट केला आहे. जुलै २०१८ मध्ये आधार आणि ड्रायव्हिंग लायसन्स डिजीलॉकरमधून दाखवले तर चालेल असे रेल्वेने जाहीर केले. पण कोणत्या विभागातून? सरकारी खात्याने जिथे स्वतः दस्तऐवज दिलेला असतो त्या 'इश्यूड' विभागातून. आपणच स्कॅन करून 'अपलोडेड' विभागात चढवलेले कार्ड चालत नाही. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतील. पण एकाच्या पाठीमागे खात्याची नोंद आहे आणि दुसऱ्याच्या पाठीमागे फक्त आपला स्कॅनर.

स्क्रीनशॉट चालतो त्या ठिकाणीही एक काळजी घ्यावी लागते. स्क्रीनशॉट ही त्या क्षणाची परिस्थिती असते. तुम्ही बुकिंग केले तेव्हा वेटिंग १४ होते, चित्रात ते जन्मभर १४ च राहणार. प्रत्यक्षात ते कन्फर्म होऊन डबा-बर्थ मिळालेला असेल, किंवा चार्ट लागल्यावर पूर्ण वेटिंगचे ई-तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परतीच्या वाटेला लागले असतील. असे रद्द झालेले तिकीट घेऊन, "पण माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे ना," म्हणत स्लीपरच्या दारात उभे राहणारे लोक दर दिवाळीला दिसतात. म्हणून चार्ट लागल्यावर पीएनआर पुन्हा तपासायचा आणि त्या पानाचा नवा स्क्रीनशॉट घ्यायचा. जुना तिथल्या तिथे डिलीट. दोन्ही ठेवले की डब्यात चढताना जुनाच आधी उघडतो, हा मर्फीचा नियम!

लोकलचे तिकीट आणि चार्ट नसलेला टीसी

आता दुसरा प्रकार. लोकलचे किंवा पॅसेंजरचे अनारक्षित तिकीट. इथे चार्टच नाही. तुमचे नाव कुठल्याही यादीत नाही, बर्थ नाही. टीसीला पडताळायला जे आहे ते तुमच्या हातातच. म्हणजे पुठ्ठ्याच्या जमान्यासारखीच स्थिती, फक्त पुठ्ठ्याच्या जागी मोबाईल. आता समजा इथे स्क्रीनशॉट चालला असता, तर काय झाले असते? एकाने तिकीट काढायचे, ग्रुपवर टाकायचे, आणि अख्खी विंग ठाण्याला!

म्हणून रेल्वेने हे तिकीट मोबाईललाच बांधून टाकले. यूटीएस ॲपवरचे पेपरलेस तिकीट ज्या मोबाईलवर काढले त्याच मोबाईलवर, ॲपमधल्या 'शो तिकीट' या पर्यायातून उघडून दाखवावे लागे. ते उघडायला इंटरनेट लागत नसे, त्यामुळे 'नेटवर्क नव्हते म्हणून स्क्रीनशॉट ठेवला' ही सबब तिथे लंगडी पडायची. शिवाय जीपीएसची मेख होती. स्टेशनच्या आत किंवा रुळांजवळ उभे असताना ॲप तिकीट देत नसे. कशासाठी, ते सांगायला नकोच. टीसी दिसल्यावर तिकीट काढणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. १ जुलै २०२५ रोजी रेल्वेने रेलवन हे एकत्रित ॲप आणले. अनारक्षित तिकिटाचे मूळ तत्त्व तिथेही तेच : ज्या मोबाईलवर काढले त्यावर, ॲपमध्येच दाखवा.

हे बंधन उगाच घातलेले नाही. २०२५ च्या अखेरीस मुंबईच्या एसी लोकलमध्ये बनावट पास पकडल्याच्या बातम्या आल्या. एका प्रकरणात पासाचे चित्र एआयच्या मदतीने बनवले होते, आणि गुन्हा दाखल झाला. पूर्वी बनावट तिकिटासाठी छापखाना लागायचा, आता नुसता प्रॉम्प्ट पुरतो. त्यामुळे तपासणाऱ्याचा चित्रावरचा विश्वास उडणे स्वाभाविक आहे. तुमच्या पासाचा स्क्रीनशॉट शंभर टक्के खरा असेल हो! पण तो खरा आहे हे त्या चित्राकडे नुसते बघून सिद्ध कसे करणार?

आमच्या गॅदरिंगचा किस्सा

तिसरा प्रकार गेटवर स्कॅन होणाऱ्या तिकिटांचा. मेट्रो, सिनेमा, कॉन्सर्ट आणि आपले कॉलेजचे गॅदरिंगही. इथे नियम असा की जो कोड आधी स्कॅन झाला तो आत गेला. मग तो कोड मूळ ॲपमधला असो, स्क्रीनशॉट असो की झेरॉक्स असो, मशीनला त्याचे काही देणेघेणे नाही. मशीन फक्त एवढेच विचारते, हा नंबर यादीत आहे का आणि तो वापरून झाला आहे का.

मागच्या गॅदरिंगला मी गेट नंबर दोनवर व्हॉलंटिअर होतो. मोबाईलवर स्कॅनर, आणि स्कॅन झालेला नंबर एका ऑनलाईन शीटमध्ये 'यूज्ड' म्हणून जमा. सातच्या सुमारास फर्स्ट इयरची एक मुलगी आली. पासचा मूळ ई-मेल उघडून दाखवला, स्कॅन केला, तर पडद्यावर लाल पट्टी. 'ऑलरेडी यूज्ड'. ती म्हणे, "सर, मी आत्ताच तर येतेय." (व्हॉलंटिअरला सर म्हणणारे फर्स्ट इयरचेच!) मागे रांग, रांगेतून ओरडा, आणि ती रडकुंडीला आलेली. शोध घेतल्यावर उलगडा झाला. पास हाती आल्याच्या आनंदात तिने तो आदल्या रात्री स्टेटसला ठेवला होता, अख्ख्या क्यूआर कोडसकट. कोणीतरी स्टेटसचा स्क्रीनशॉट घेतला आणि साडेसहालाच गेट नंबर एकवरून आरामात आत गेला. कोऑर्डिनेटरने तिचे ओळखपत्र रजिस्ट्रेशनच्या यादीशी ताडून पाहिले आणि तिला आत सोडले, पण तोवर तिच्या मैत्रिणींचा डान्स होऊन गेला होता. तो 'कोणीतरी' शेवटपर्यंत सापडला नाही.

त्याच रात्री आठनंतर आणखी एक प्रकार घडला. गर्दीमुळे नेटवर्क बसले, दोन्ही गेटच्या शीटचा मेळ तुटला, आणि एकच कोड दोन्ही गेटवर हिरवा दाखवू लागला. डीबीएमएसच्या पेपरात 'कन्करन्सी कंट्रोल'वर आपण पानभर उत्तर लिहितो, ते गेटवर असे भेटते.

कोड आतून कसा असतो

क्यूआर कोड जपानच्या डेन्सो कंपनीतले मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तयार केला, तोही तिकिटांसाठी नव्हे तर मोटारींच्या सुट्या भागांवर नजर ठेवण्यासाठी. त्यात रीड-सॉलोमन पद्धतीची एरर करेक्शन असते. गणित १९६० चे, सीडीवर ओरखडे पडले तरी गाणे वाजायचे ते याच्याच जोरावर. क्यूआरमध्ये तिच्या चार पातळ्या आहेत, साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के. म्हणजे सर्वांत वरच्या पातळीला जवळजवळ तीस टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. तडकलेल्या स्क्रीनवरचे तिकीटही स्कॅन होते याचे श्रेय मोबाईल कंपनीला देऊ नका, ते रीड आणि सॉलोमन यांचे आहे.

मग एवढे असूनही स्क्रीनशॉट कधीकधी का अडतो? बहुतेक वेळा आपल्याच टापटिपीमुळे. क्यूआरच्या चारही बाजूंना किमान चार चौकोनांइतकी पांढरी मोकळी जागा लागते, तिला क्वाएट झोन म्हणतात. आपण स्क्रीनशॉट छान काटेकोर क्रॉप करतो, आणि ती जागाच कापून टाकतो. गॅलरीत त्याभोवती काळी पार्श्वभूमी येते, आणि कोड कुठे सुरू होतो हे स्कॅनरला उमगेनासे होते. दुसरे कारण व्हॉट्सॲप. फोटो म्हणून पाठवले की चित्र दाबले जाते. ठळक चौकोनांचा क्यूआर त्यातून बहुधा वाचतो, पण बोर्डिंग पासवर असतो तसला बारीक रेघांचा आडवा पीडीएफ-४१७ कोड पुसट होऊ शकतो. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर फाईल जशीच्या तशी जाते. ब्राईटनेस पूर्ण ठेवायचा हे तर सगळ्यांना माहीतच आहे.

पंधरा सेकंदांचे तिकीट

कॉपी होणाऱ्या कोडवर उपाय काय? कोडच बदलता ठेवायचा. अमेरिकेतल्या तिकीटमास्टर कंपनीने २०१९ मध्ये सेफटिक्स नावाची पद्धत आणली. त्यात पडद्यावरचा बारकोड दर पंधरा सेकंदांनी बदलतो. यामागचे तंत्र आपल्याला ओळखीचे आहे. लॉगिनसाठी सहा आकडी कोड देणारी ऑथेंटिकेटर ॲप्स वापरतात तेच, टीओटीपी, ज्याचे स्टँडर्ड २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तुमच्या मोबाईलमध्ये आणि कंपनीच्या सर्व्हरमध्ये एक समान गुप्त संख्या असते. ती आणि घड्याळातली वेळ मिळून हॅश फंक्शनमधून काढायची, बाहेर येईल तो आत्ताचा कोड. दोन्हीकडे गणित एकच, वेळ एकच, म्हणून उत्तरही एकच.

यातली मला आवडलेली गोष्ट अशी की एकदा गुप्त संख्या मोबाईलमध्ये उतरली की कोड बनवायला इंटरनेट लागत नाही, घड्याळ पुरते. आणि स्क्रीनशॉट? तो पंधरा सेकंदांत शिळा. भारतात ८ मे २०२४ ला आलेल्या गूगल वॉलेटमध्येही अशा बदलत्या कोडची सोय तिकीट देणाऱ्या कंपनीला उपलब्ध आहे. काही ॲप तर स्क्रीनशॉट घेऊच देत नाहीत. अँड्रॉइडमध्ये प्रोग्रामरने खिडकीला 'फ्लॅग सिक्युअर' लावला की स्क्रीनशॉट निघत नाही. तसे झाले तर मोबाईल बिघडला समजून रीस्टार्ट करत बसू नका, ते तिकीट आपल्याला दुसऱ्या प्रकारचे असल्याचे सांगते आहे.

फोटोतले नाव-गाव

विमानाच्या बोर्डिंग पासवरचा कोड हे आणखी एक प्रकरण. त्याचे स्वरूप आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने ठरवलेले आहे. त्यात प्रवाशाचे नाव, पीएनआर, कुठून कुठे, फ्लाईट नंबर, सीट आणि वर्षातला कितवा दिवस (१५ ऑगस्ट साध्या वर्षात २२७) हे सरळ अक्षरांत लिहिलेले असते. कुलूपबिलूप काही नाही. मोबाईलवरचे कोणतेही फुकट स्कॅनर ॲप ते वाचून दाखवते.

२०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी आपल्या बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. एका जाणकाराने त्यावरच्या बुकिंग नंबर आणि आडनावाच्या आधारे विमान कंपनीच्या वेबसाईटवर प्रवेश केला, आणि वेब पेजच्या सोर्समध्ये त्याला ॲबट यांचा पासपोर्ट नंबर व फोन नंबर मिळाला. त्याने तो गैरवापर न करता संबंधितांना कळवला, हे ॲबट यांचे नशीब. आपल्यापैकी जे पहिल्या विमानप्रवासाला किंवा पहिल्या जॉबच्या जॉइनिंगला निघताना बोर्डिंग पास स्टेटसला ठेवतात, त्यांनी निदान कोड आणि पीएनआर झाकावा. आणि झाकायचा म्हणजे ठोस काळ्या पट्टीने. हायलायटरसारखा अर्धपारदर्शक ब्रश चार वेळा फिरवला तरी ब्राईटनेस वाढवून खालचा मजकूर दिसू शकतो.

निघण्याच्या आदल्या रात्री

मी करतो ते सांगतो. बॅग भरून झाली की मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकायचा, वायफायही बंद, आणि तिकीट उघडून बघायचे. ॲपमधून उघडले तर ठीक. गोल चक्र फिरत राहिले तर आताच कळले, कसाऱ्याच्या घाटात टीसीसमोर नाही. आरक्षित तिकीट असेल तर स्क्रीनशॉटपेक्षा पीडीएफ डाऊनलोड करून ठेवणे बरे. स्क्रीनशॉटमध्ये खालचा अर्धा भाग, म्हणजे नेमकी प्रवाशांची यादी, राहून जाते. फाईलला 'नागपूर जाणे' असे सरळ नाव द्यायचे. चार जणांचे एकत्र तिकीट असेल तर ते चौघांच्या मोबाईलमध्ये पाहिजे, नाहीतर ज्याच्याकडे आहे तो नेमका पाणी भरायला उतरतो.

शिवाय एका चिठ्ठीवर पीएनआर, गाडी नंबर, डबा आणि बर्थ लिहून ती ओळखपत्राच्या कव्हरमध्ये सरकवायची. बॅटरी संपली की स्क्रीनशॉट काय आणि ॲप काय, दोन्ही गेले. दोन ओळींच्या चिठ्ठीला चार्जिंग लागत नाही, आणि चार्टमधली आपली ओळ शोधायला तेवढा तपशील टीसीला पुरतो. घरी पोचलो की गाडीचे, पासाचे, सिनेमाचे सगळे स्क्रीनशॉट साफ करायचे. गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर ते तिथूनही काढायचे, विशेषतः घरातल्या टॅबवर तेच अकाऊंट असेल तर. पिक्चर कोणत्या तारखेला, कितीच्या शोला पाहिला हे वडिलांना बॅकअपमधून कळावे असे कोणालाच वाटत नसेल!

राहता राहिले हॉल तिकीट. नाव तिकीटच असले तरी त्याला वरचे काहीही लागू नाही. गेट परीक्षेचे ॲडमिट कार्ड ए-फोर कागदावर छापूनच न्यावे लागते, सोबत मूळ ओळखपत्र. मोबाईल तर परीक्षेच्या हॉलमध्ये नेताच येत नाही, मग स्क्रीनशॉट दाखवणार कशावर? प्रिंट दोन-तीन दिवस आधीच काढून ठेवा. आदल्या संध्याकाळी मेन गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पन्नास जण उभे असतात, आणि त्याचे शटर नऊला पडते.